एक कुटुंब, चार वेळापत्रके

जर्मनीचा कुशल कामगार स्थलांतर कायदा 1 मार्च 2020 रोजी लागू झाला आणि नोव्हेंबर 2023 ते जून 2024 या काळात तीन टप्प्यांत तो आणखी सैल करण्यात आला. ब्लू कार्ड या कुशल कामगारांच्या परवान्यासाठीची पगाराची अट खाली आली, पदवी नसलेल्या पण अनुभवी संगणक तज्ज्ञांना वाट मिळाली, नोकरी शोधायला येऊ पाहणाऱ्यांसाठी गुणांवर आधारलेले ‘संधी कार्ड’ निघाले. हा कायदा वाचताना एक गोष्ट लगेच नजरेत भरते. तो एका माणसाभोवती लिहिलेला आहे. पदवी त्याची, पगार त्याचा, अनुभवही त्याचाच. नवरा किंवा बायको, मुले, म्हातारे आईवडील ही मंडळी पुढच्या कलमांत भेटतात, तीही मागाहून येणारी म्हणून. नायजेरियातल्या लागोस, इबादान किंवा एनुगूहून निघणारा माणूस मात्र सहसा इतका सुटा नसतो. तिशी-पस्तिशीतला नायजेरियन अभियंता परदेशी जायचे ठरवतो तेव्हा त्याचे लग्न झालेले असते, पोरे शाळेत असतात, धाकट्या भावंडाच्या फीचा वाटा त्याच्या पगारातून जात असतो आणि गावाकडच्या आईचे औषधपाणीही त्याच्याच नावावर असते. या माणसाला बोलावणारा कायदा आणि त्याच्याबरोबर हलणारे कुटुंब यांचा मेळ कसा बसतो, किंवा का बसत नाही, हा या प्रकरणाचा विषय आहे.

नायजेरियन कुटुंबांना जर्मनी एवढ्यात का आठवला, हे आधी पाहू. इंग्रजी ही नायजेरियाची राजभाषा, शाळा-कॉलेज इंग्रजीतून, त्यामुळे परदेश म्हटले की ब्रिटन, अमेरिका, कॅनडा हीच नावे वर्षानुवर्षे पुढे येत. त्यातली ब्रिटनची वाट 2024 मध्ये कुटुंबांपुरती बरीचशी बंद झाली. जानेवारीपासून बहुतेक परदेशी विद्यार्थ्यांना जोडीदार आणि मुले आणण्याची मुभा उरली नाही. मार्चपासून शुश्रूषा क्षेत्रात येणाऱ्या नव्या कामगारांचीही गेली. दोन्ही निर्णयांचा मोठा फटका नायजेरियनांना बसला, कारण सहकुटुंब जाणाऱ्या विद्यार्थ्यांत त्यांचे प्रमाण फार मोठे होते. घरी दुसरेच संकट उभे होते. मे 2023 मध्ये पेट्रोलवरचे अनुदान संपले आणि जूनमध्ये मध्यवर्ती बँकेने नायरा या चलनाचा दर मोकळा सोडला. त्याआधी सरकारी दराने डॉलरला साधारण 460 नायरा पडत. 2024 संपताना दीड हजाराहून अधिक पडू लागले. योरुबातला ‘जापा’ हा शब्द, म्हणजे पळ काढणे, आता देशभर परदेशगमनाचे दुसरे नावच झाला आहे. अशा वेळी कामगारांच्या शोधात असलेला आणि सार्वजनिक विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिक्षणशुल्क न घेणारा जर्मनी नकाशावर एकदम मोठा दिसू लागला.

माझे म्हणणे असे की, या स्थलांतराची खरी अडचण जर्मन थंडी, जर्मन व्याकरण किंवा व्हिसाची रांग यांपैकी कोणतीही एकटी गोष्ट नाही. अडचण वेळेच्या ताळमेळाची आहे. जर्मनीची व्यवस्था घरातल्या प्रत्येकाला वेगळे वेळापत्रक लावते. नोकरी मिळालेल्याचे काही महिन्यांचे, जोडीदाराचे दोन-तीन वर्षांचे, मुलाचे त्याच्या वयावर ठरणारे आणि आजीचे कधी सुरू होईल याचा भरवसा नसलेले. कुटुंब निर्णय घेते ते पहिले वेळापत्रक पाहून आणि त्याची किंमत मोजते उरलेल्या तीन वेळापत्रकांत.

पैशापासून सुरुवात करू, कारण पहिली फाटाफूट तिथेच होते. विद्यार्थी म्हणून जाणाऱ्याला वर्षभराचा खर्च आधीच एका गोठवलेल्या खात्यात भरावा लागतो. तिथे गेल्यावर त्यातून दरमहा ठरावीक रक्कमच निघते. 2023 च्या सुरुवातीला ही रक्कम 11,208 युरो होती, सप्टेंबर 2024 पासून ती 11,904 युरो झाली. युरोतली वाढ किरकोळ आहे. नायरातली पाहिली तर तेव्हाच्या सरकारी दराने पन्नास-पंचावन्न लाखांत होणारे काम दीड वर्षात दोन कोटींच्या घरात गेले. जुलै 2024 मध्ये नायजेरियाचे किमान वेतन वाढवून महिना 70,000 नायरा करण्यात आले; त्या हिशोबाने ही चोवीस वर्षांची कमाई होते. जमीन विकून, नातेवाइकांकडून उसनवारी करून एवढी रक्कम उभी राहते ती एकाचीच. ब्लू कार्डवाल्याला हे खाते लागत नाही, पण 2025 मध्ये त्याला वर्षाला किमान 48,300 युरो पगाराची नोकरी दाखवावी लागे, टंचाईच्या व्यवसायांत आणि नव्या पदवीधरांसाठी 43,759.80 युरोंची. म्हणजे कोणत्याही वाटेने गेले तरी आधी एकानेच निघायचे, हे जवळपास ठरलेले असते. ‘तू पुढे हो, आम्ही सहा महिन्यांत येतो,’ असे ठरते. हे सहा महिने दीड वर्षापर्यंत कसे ताणले जातात, ते कागदपत्रांत दिसते.

जर्मन प्रशासनाला कुटुंब सिद्ध करून लागते, आणि ते जन्माच्या आणि लग्नाच्या दाखल्यांनी. नायजेरियातल्या नोंदणीच्या व्यवस्थेवर जर्मन दूतावासांचा पुरेसा विश्वास नाही, म्हणून तिथल्या दाखल्यांवर नुसता शिक्का मारून ते प्रमाणित करण्याची नेहमीची पद्धत त्यांनी थांबवली आहे. तिच्याऐवजी पडताळणी होते, आणि ती कशी होते हे जवळून पाहण्यासारखे आहे. दूतावासाने नेमलेला स्थानिक वकील नोंदणी कार्यालयात जाऊन मूळ वही उघडायला लावतो, नोंदीचा क्रमांक आणि आगेमागे असलेल्या नोंदींच्या तारखा ताडून पाहतो, गरज पडली तर शाळेत, चर्चमध्ये, शेजाऱ्यांकडे चौकशी करतो. खर्च अर्जदाराच्या माथी, आणि वेळ महिन्यांत मोजायचा. आता 1980 च्या सुमारास खेड्यात जन्मलेल्या माणसाचे पाहा. सक्तीच्या जन्मनोंदणीचा सध्याचा कायदा 1992 चा. त्याच्याकडे बहुधा कोर्टात केलेले वयाचे प्रतिज्ञापत्र असते किंवा राष्ट्रीय लोकसंख्या आयोगाने नंतर दिलेला जन्माचा दुजोरा. लग्नाचेही तसेच. आधी दोन्ही घरांची ओळखभेट, मग मुलीकडच्यांना मान-पान देऊन परंपरेने लागलेले लग्न, मग चर्चमधले, आणि नोंदणी कार्यालयातले कधी त्याच महिन्यात तर कधी व्हिसाची गरज पडल्यावर. गावाच्या लेखी हे जोडपे पहिल्या दिवसापासून नवरा-बायको असते. जर्मन फाइलीच्या लेखी लग्न शेवटच्या तारखेला लागलेले असते, आणि थोरल्या मुलाचा जन्म त्याच्या आधीचा निघतो. यात लबाडी कुठेच नसते. तरी फाइल थांबते.

यावर आक्षेप घेतला जातो की पडताळणी करण्याचा जर्मनीला पूर्ण अधिकार आहे, बनावट दाखल्यांचा धंदा खरोखरच चालतो, आणि त्याचा त्रास शेवटी प्रामाणिक अर्जदारांनाच होतो. आक्षेप रास्त आहे. लागोसमध्ये दाखला ‘करून देणारे’ दलाल आहेत, ही काही दूतावासाने रचलेली कथा नव्हे. माझा मुद्दा पडताळणीच्या क्रमाविषयी आहे. नोकरी मिळालेल्याची पदवी त्याच्या अर्जाबरोबर तपासली जाते. त्याचे लग्न आणि मुलांचे जन्म यांची तपासणी मात्र अनेकदा कुटुंबाने नंतर अर्ज केल्यावर सुरू होते, आणि तोवर तो म्युनिकमध्ये कामावर रुजू झालेला असतो. एकाच घराची दोन फाइलींत तपासणी झाली की दोन रांगा लागतात. मराठी वाचकाने हा त्रास परका समजू नये. भारत 2005 मध्ये कागदपत्र प्रमाणीकरणाच्या हेग करारात सामील झाला, पण जर्मनीने त्याला हरकत घेतली. त्यामुळे भारतीय जन्मदाखल्यांच्या वाट्यालाही जर्मनीत अशीच पडताळणी येऊ शकते. 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्या वाटेने जाणाऱ्या आणि पुढे बायकामुलांना बोलावू पाहणाऱ्या नाशिकच्या किंवा सांगलीच्या तरुणालाही या वळणावरून जावे लागेल.

ताटातुटीचा काळ म्हणजे नुसती विरहाची गोष्ट असती तर तिच्यावर एवढे लिहायचे कारण नव्हते. त्या काळाला रोकडी किंमत आहे. जोडीदार युरोपीय संघाबाहेर राहत असेल तर नोकरदाराचा पगार अविवाहिताच्या करवर्गात कापला जातो. विवाहितांना मिळणारी सवलत जोडीदार येऊन राहू लागल्यावरच सुरू होते. मुलांसाठी सरकार दरमहा देते तो भत्ता, किंडरगेल्ड, 2025 मध्ये मुलामागे 255 युरो होता. लागोसमध्ये राहणाऱ्या मुलासाठी तो मिळत नाही. म्हणजे दोन घरे चालवायचा खर्च सर्वांत जास्त असतो नेमक्या त्याच महिन्यांत हातात येणारा पगार सर्वांत कमी असतो. यावर एक तोड कायद्यात आहे, आणि ती फार कमी जणांना माहीत असते. मालकाने 411 युरो शुल्क भरून स्थानिक परदेशी नागरिक कार्यालयात ‘जलद प्रक्रिया’ सुरू केली, तर जोडीदाराचे आणि अज्ञान मुलांचे अर्ज सहा महिन्यांच्या आत आले की त्याच प्रक्रियेत घेता येतात. कुटुंबाला एकाच वेळापत्रकात बसवण्याचा या कायद्यातला हाच काय तो ठळक प्रयत्न. पण तो सुरू करणे मालकाच्या मर्जीवर, आणि मालकाला हवा असतो अभियंता. अभियंत्याच्या तिसरीतल्या मुलीशी त्याला देणेघेणे नसते.

जोडीदाराच्या वेळापत्रकाकडे वळू. 2007 पासून जर्मनीत मागाहून येणाऱ्या जोडीदाराला मायदेशीच प्राथमिक जर्मन, म्हणजे ए-वन पातळीची परीक्षा द्यावी लागे. लागोसमध्ये गोएथे इन्स्टिट्यूट 1962 पासून आहे, पण कानोच्या किंवा पोर्ट हारकोर्टच्या उमेदवाराला तिथे राहून शिकणे परवडत नसे. ब्लू कार्डवाल्यांच्या जोडीदारांना आधीच सूट होती. 2022 च्या अखेरीस ती सर्वच कुशल कामगारांच्या जोडीदारांना मिळाली. या सुधारणेचे स्वागत झाले ते योग्यच होते. पण ए-वनची अट गेली म्हणून जर्मनची गरज गेली असे झाले नाही, ती फक्त विमानतळाच्या अलीकडून पलीकडे सरकली. परिचारिकेला मान्यतेसाठी बी-टू पातळी लागते; मान्यता मिळेपर्यंत ती साहाय्यक म्हणून, कमी पगारावर राबते. डॉक्टरला सी-वन पातळीची वैद्यकीय भाषेची परीक्षा असते आणि शिक्षण समकक्ष ठरले नाही तर वर ज्ञानपरीक्षा. शिक्षिकेचे आणखी कठीण, कारण जर्मन शाळेत शिक्षकाने सहसा दोन विषय शिकवायचे असतात आणि एनुगूच्या शिक्षिकेच्या पदवीत अनेकदा एकच विषय असतो.

इथे कोणी म्हणेल, बर्लिनमध्ये इंग्रजीवर काम भागते की. भागते, पण कोणाचे? संगणक कंपनीत काम करणाऱ्या नवऱ्याचे. ज्या कंपनीत बैठका इंग्रजीत होतात तिथे त्याला वर्षानुवर्षे जर्मनवाचून अडत नाही. बायको मात्र बालरोगतज्ज्ञाकडे, शाळेच्या पालकसभेत, घरमालकाच्या पत्रांत रोज जर्मनशी झगडते. इंग्रजीची सोय घराला पुढे नेते असे वाटते, पण ती घरातल्या दोघांमधले अंतर वाढवते. शिकायचे म्हटले तर सरकारी समावेशन अभ्यासक्रम आहे, सर्वसाधारणपणे 700 तासांचा, त्यातले 600 भाषेचे. वर्गात बसायचे तर धाकटे मूल पाळणाघरात, जर्मन लोक ज्याला किटा म्हणतात तिथे, जायला हवे. 1 ऑगस्ट 2013 पासून एक वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला तिथे जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे. पण बेर्टेल्समान फाउंडेशनने 2023 मध्ये केलेल्या अंदाजानुसार देशात अशा चार लाखांहून अधिक जागा कमी होत्या. रांगेत नाव लावायला शहरातला पत्ता हवा, आणि पत्ता मिळतो तो कुटुंब येण्याच्या थोडा आधी. लागोसमध्ये स्वतःचा पगार असलेली, स्वयंपाकघरात मदतीला कोणीतरी असलेली बाई जर्मनीत येऊन दोन वर्षे घरात अडकते ती अशी. याला नायजेरियन पुरुषप्रधानता असे नाव देऊन मोकळे होणे सोपे आहे. ती असेलही. पण तिला इतकी भक्कम साथ जर्मन पाळणाघरांच्या टंचाईने दिली आहे.

आरोग्यक्षेत्राची एक गंमत इथेच सांगायला हवी, गंमत म्हणण्यासारखी ती नसली तरी. जर्मनीला परिचारिका हव्यात आणि नायजेरियात त्या आहेत. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या यादीत आरोग्यसेवकांची टंचाई असलेले जे 55 देश आहेत त्यांत नायजेरिया आहे, म्हणून तिथे खासगी संस्थांनी भरती करायला जर्मन नियमांत बंदी आहे. भारत त्या यादीत नाही; केरळमधून जर्मनीत परिचारिका पाठवण्याचा सरकारी करार 2021 मध्ये झाला. नायजेरियन परिचारिकेला बंदी नाही, पण भाषावर्ग, कागदपत्रे, नोकरीचा शोध हे सारे तिने स्वतःच निस्तरायचे. नियमामागचा हेतू चांगला आहे, कारण लागोसची रुग्णालये खरोखरच रिकामी होत आहेत. पण अभियंत्याची बायको म्हणून जर्मनीत पोचलेल्या परिचारिकेच्या बाबतीत नायजेरियाने आपली परिचारिका गमावलेली असते आणि जर्मनीलाही ती मिळालेली नसते.

मुलांचे वेळापत्रक सर्वांत कठोर, कारण वय कोणासाठी थांबत नाही. जर्मनीतल्या बहुतेक राज्यांत प्राथमिक शाळा चार वर्षांची असते. दहाव्या वर्षी मुलांची वाटणी होते: विद्यापीठाकडे नेणारे गिम्नासियुम एकीकडे, व्यवसायशिक्षणाकडे नेणाऱ्या शाळा दुसरीकडे. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्ग दोन वर्षे जास्त देतात. बायर्न राज्यात चौथीच्या वर्षात जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी 2.33 किंवा त्याहून चांगली असेल तर मूल गिम्नासियुमला पात्र ठरते; तिथे 1 हा सर्वांत चांगला गुण आणि 6 सर्वांत वाईट. या तीन विषयांकडे नीट पाहा. पहिला तर जर्मनच, आणि तिसरा म्हणजे गावातली नदी, जंगल, अग्निशमन दल, सगळे जर्मन शब्दांत. नायजेरियातली खासगी शाळा इंग्रजी वाचन आणि गणित लवकर आणि कसून घेते, त्यामुळे नऊ वर्षांची मुलगी पाढ्यांत आणि वाचनात वर्गाच्या पुढेही असू शकते. पण नवव्या वर्षी आलेल्या तिला ही वाटणी होण्याआधी जेमतेम एक वर्ष मिळते, आणि त्यातले बरेचसे भाषेच्या तयारीवर्गात जाते. तीच मुलगी सहाव्या वर्षी आली असती तर पहिलीच जर्मनमध्ये झाली असती. आईवडिलांच्या ‘सहा महिन्यांत येतो’चे दीड वर्ष झाले तर मुलीच्या बाबतीत ते कधी कधी शाळेचा प्रकारच बदलून टाकते.

यावर जर्मन शिक्षणतज्ज्ञ म्हणतात की वाटा पुढेही बदलता येतात, व्यवसायशिक्षणातूनही विद्यापीठात जाता येते. खरे आहे, आणि जर्मन व्यवसायशिक्षण कमी दर्जाचे मानण्याचे कारण नाही; तिथला कुशल सुतार अनेक पदवीधरांपेक्षा सुखी असतो. पण 2000 सालच्या पिसा या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीचे निकाल आले तेव्हा जर्मनीला जो धक्का बसला होता तो याच कारणाने, की तिथे मुलाचे यश आणि घरची परिस्थिती यांची गाठ इतर अनेक श्रीमंत देशांपेक्षा घट्ट निघाली. आणि मुलांना डॉक्टर-अभियंता करायच्या इराद्याने घरदार विकून आलेल्या कुटुंबाला, चौथीच्या गुणपत्रिकेनंतर मुलीला दुसरी वाटही चांगलीच असते हे पटवणे सोपे नाही. मराठी मध्यमवर्गाला तरी ही धास्ती नव्याने समजावून सांगायला नको.

थोरल्या मुलाचा प्रश्न याहून बिकट. कुटुंब म्हणून यायचे तर मूल अज्ञान हवे; अठरा पूर्ण झाले की ते कायद्याच्या लेखी कुटुंबातून बाहेर पडते. 2022 मध्ये नायजेरियातल्या विद्यापीठीय शिक्षकांचा संप 14 फेब्रुवारीपासून ऑक्टोबरपर्यंत, आठ महिने चालला. त्या काळात पहिल्या वर्षाला असलेला मुलगा वयाने पुढे गेला, अभ्यासात जागच्या जागी राहिला. आईवडील आणि धाकटी भावंडे जर्मनीत गेली तर त्याने स्वतंत्र विद्यार्थी म्हणून अर्ज करायचा, स्वतंत्र गोठवलेल्या खात्यासह. आणि नायजेरियन बारावीच्या तोडीचे प्रमाणपत्र जर्मन विद्यापीठात थेट प्रवेशाला सहसा पुरत नाही. सतरा वर्षे दहा महिन्यांच्या मुलाचा अर्ज कोणत्या दिवशी दाखल होतो यावर इथे सारे अवलंबून असते. दूतावासाच्या भेटीची तारीख लांबणे म्हणजे त्याच्यासाठी देशच बदलणे.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. वेळापत्रके, फाइली, शुल्के या गोष्टी मी मोजत बसलो आहे, पण काळ्या कातडीच्या कुटुंबाला जर्मनीत खरी अडचण वंशभेदाची येते, असे कोणी म्हटले तर? युरोपीय संघाच्या मूलभूत हक्क संस्थेने 2023 मध्ये 13 देशांतल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांची पाहणी प्रसिद्ध केली. मागच्या पाच वर्षांत भेदभाव अनुभवल्याचे सरासरी 45 टक्क्यांनी सांगितले. जर्मनी आणि ऑस्ट्रियात ते प्रमाण 70 टक्क्यांहून अधिक होते. हे आकडे सौम्य करण्यात मला रस नाही. पण भेदभाव आणि वेळ या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. 2017 मध्ये डेअर श्पीगल आणि बायरिशर रुंडफुंक यांच्या पत्रकारांनी दहा शहरांत भाड्याच्या घरांसाठी सुमारे 20,000 चौकश्या पाठवल्या होत्या, काही जर्मन नावांनी, काही परदेशी. अरबी आणि तुर्की नावांना घर बघायला या असे उत्तर लक्षणीयरीत्या कमी वेळा आले. आफ्रिकी नावे त्या प्रयोगाचा विषय नव्हती, पण त्यांना याहून बरी वागणूक मिळते असे मानायला आधार नाही. भेदभावविरोधी कायदा 2006 चा आहे. त्यात थोडी घरे भाड्याने देणाऱ्या मालकाला बरीच सूट आहे. घर मिळायला चार महिने जास्त लागले की त्यामागून सगळेच चार महिने मागे पडते, कारण पाळणाघर, शाळा, करवर्ग, भाषावर्ग हे सर्व पत्त्याला बांधलेले आहे. वंशभेद शिवीच्या रूपात दिसतो तेव्हा ओळखू तरी येतो. तो उशिराच्या रूपात येतो तेव्हा कोणाकडे बोट दाखवायचे हेच कळत नाही.

घर मिळाले की दोन आठवड्यांच्या आत पत्ता नोंदवायचा असतो. नगर कार्यालयातल्या त्या अर्जावर, घरमालकाच्या सहीच्या कागदासोबत, धर्म विचारणारा एक रकाना असतो. दक्षिण-पूर्व नायजेरियातले इग्बो कुटुंब तिथे निःशंकपणे ‘कॅथलिक’ लिहिते आणि पुढच्या पगारपत्रकात आयकराच्या आठ किंवा नऊ टक्के इतका चर्च-कर कापलेला दिसतो. बायर्न आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये आठ, इतरत्र नऊ. लागोसच्या पेंटेकोस्टल चर्चचा सदस्य या रकान्यातून सुटतो. त्याचे चर्च जर्मन सरकार ज्यांच्यासाठी कर गोळा करते त्यांत नसते. पण रविवारची सभा भरते एखाद्या औद्योगिक वसाहतीतल्या हॉलमध्ये, आणि भाड्याने खोली कुठे रिकामी आहे, कोणत्या किटात जागा निघाली, पडताळणीला कोणाला किती महिने लागले, ही खरी माहिती तिथेच मिळते. सरकारी व्यवस्थेने वेगळी केलेली वेळापत्रके जुळवण्याचे काम प्रत्यक्षात हे हॉल करत असतात.

राहिली आजी. इग्बो समाजात बाळंतिणीची आई काही आठवडे-महिने येऊन राहते, बाळाला न्हाऊ-माखू घालते, लेकीला तिखट गरम सार पाजते. या प्रथेला ओमुगो म्हणतात. बाळंतपणाला आई येणे ही काय चीज असते हे मराठी घरांना ठाऊक आहे. जर्मनीतल्या लेकीसाठी ही आई यायची तर तिला 90 दिवसांचा शेंगेन व्हिसा लागतो, आणि नायजेरियातून होणाऱ्या शेंगेन अर्जांपैकी अलीकडे ढोबळमानाने दहातले चार किंवा जास्तच नाकारले जातात. परत जाण्याची हमी द्यायला म्हाताऱ्या विधवेकडे ना नोकरी असते ना बँकेत मोठी रक्कम. तिला व्हिसा नाकारला जाणे म्हणजे पुन्हा सुनेच्या किंवा लेकीच्या भाषावर्गाला सहा महिन्यांची सुट्टी. कायमचे बोलवायचे तर 2024 पर्यंत असह्य हालअपेष्टा सिद्ध करण्याखेरीज मार्ग नव्हता. 1 मार्च 2024 रोजी किंवा त्यानंतर पहिल्यांदा परवाना मिळालेल्या कुशल कामगारांना आईवडील, आणि जोडीदार तिथेच राहत असेल तर सासूसासरेही, आणण्याची मुभा मिळाली. अट एक, त्यांचा सगळा खर्च आणि आरोग्यविमा स्वतः उचलायचा. आणि घोडे नेमके तिथेच अडते. सरकारी विमा संस्था उतारवयात नव्याने आलेल्यांना सहसा घेत नाहीत, आणि सत्तरीच्या, रक्तदाब असलेल्या बाईचा खासगी विमा पगारदाराला झेपत नाही.

जर्मन भाषकांचे इतर देश यापेक्षा सोपे आहेत असे नाही. स्वित्झर्लंड युरोपबाहेरच्या कुशल कामगारांना अलीकडच्या वर्षांत दरसाल 8,500 परवान्यांचाच कोटा ठेवत आला आहे. ऑस्ट्रियात नागरिकत्वाला साधारणपणे दहा वर्षे लागतात आणि आधीचे नागरिकत्व सोडावे लागते. जर्मनीने 27 जून 2024 पासून ही मुदत आठ वर्षांवरून पाचवर आणली आणि दुहेरी नागरिकत्व सर्वांना खुले केले. नायजेरियाची 1999 ची राज्यघटनाही जन्माने नायजेरियन असलेल्यांना ते ठेवू देते; भारतीयाला जर्मन होताना भारतीय पासपोर्ट सोडावाच लागतो. या एका बाबतीत नायजेरियन कुटुंब पुण्यामुंबईच्या कुटुंबापेक्षा सुदैवी आहे.

तरीही कोणी विचारेल की हा ताळमेळ घालणे सरकारचे काम कसे? आपखुशीने आलेल्याने आपले आपण पाहावे. उत्तर जर्मनीच्याच गरजेत आहे. न्युरेम्बर्गच्या आयएबी या रोजगार संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार कामगारसंख्या टिकवायला देशाला दरवर्षी निव्वळ चार लाख माणसे बाहेरून हवीत. निव्वळ म्हणजे येणाऱ्यांतून जाणारे वजा करून. नवऱ्याची नोकरी उत्तम चालू असताना कॅनडाचा अर्ज भरला जातो तो बायकोचे काम आणि मुलीची शाळा पाहून, आणि तेव्हा ती वजाबाकी होते. पाच वर्षांनी नागरिकत्वाची फाइल उघडते तेव्हाही वेळापत्रके वेगळीच निघतात. त्यासाठी बी-वन जर्मन लागते, जे नवऱ्याने ऑफिसात इंग्रजी बोलत टाळलेले असते आणि बायकोने पाळणाघराअभावी लांबवलेले असते. आईवडिलांपैकी एकाचे वैध वास्तव्य पाच वर्षांचे झालेले आणि त्याच्याकडे कायम निवासाचा हक्क असेल, तर जर्मनीत जन्मलेले धाकटे बाळ मात्र जन्मतःच जर्मन असते. त्याच्या लागोसमध्ये राहिलेल्या एकोणीस वर्षांच्या भावाला त्याच्या बारशाला यायचे तर व्हिसाचा अर्ज करावा लागतो, आणि परत जाण्याची हमी म्हणून तो दाखवू शकेल असे त्याच्याकडे फारसे काही नसते.